बदकाचा रस्सा आणि वेळेचा हिशेब



आमच्या आजच्या विषयाची पत्रिका गावात वाटली गेली, तेव्हा छापखान्यात काही घोटाळा झाला असावा असे पुष्कळांना वाटले. दोघातिघांनी तर आम्हाला रस्त्यात थांबवून विचारले, की जन्मभर कारखान्याच्या दारात भाषणे करणाऱ्या माणसाने थाई पद्धतीचे बदक शिजवण्यावर व्याख्यान देण्याचे कारण काय? चिटणीस आमच्याकडे आले होते ते कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोला, असे सांगायला. आम्ही त्यांना हा विषय सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "शेवटी कामगारांवर याल ना?" आम्ही म्हणालो, "येऊ." तेवढ्या आश्वासनावर त्यांनी आम्हाला आजची संध्याकाळ दिली आहे.

आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या दारात आणि आपल्या गावच्या वाचनालयात. तेव्हा पाकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा हक्क नाही. परंतु जे हाताने केले, करताना बिघडवले आणि पुन्हा केले, त्यावर बोलायला पदवी लागत नाही, असे आम्ही समजतो. सभागृहात शाकाहारी मंडळी पुष्कळ असतील. त्यांनी उठून जाऊ नये. ज्या भांड्यात बदक शिजते त्याच रसात भाज्या, अळिंबी आणि सोयाबीनचे पनीरही शिजते, आणि आमचे जे मुख्य म्हणणे आहे ते वरणभातालाही तेवढेच लागू आहे.

आम्ही २०१७ साली कामगार संघटनांच्या एका अभ्यासवर्गासाठी बँकॉकला गेलो होतो. वर्ग सहा दिवस चालला. सातव्या दिवशी, रविवारी, वर्गातल्या एका थाई कार्यकर्त्याने आम्हा चौघांना घरी जेवायला बोलावले. हे गृहस्थ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करीत. राहायला समुत प्राकान या प्रांतात. बँकॉकच्या दक्षिणेला, नदी समुद्राला मिळते तिथे हा प्रांत आहे, आणि तिथे कारखान्यांची दाटी आहे. त्यांची पत्नी शिवण कारखान्यात रात्रपाळीला जाई. आम्ही सकाळी नऊला पोहोचलो, तेव्हा बाई नुकत्याच येऊन झोपल्या होत्या आणि गृहस्थ मागच्या पडवीत बसून बदकाच्या अंगावरचे पिसांचे खुंट चिमट्याने उपटत होते. पाहुणे आले म्हणून त्यांनी काम थांबवले नाही. पाटासारखी बुटकी स्टुले पुढे सरकवली आणि आम्हालाही एक चिमटा दिला. आमची या पदार्थाची दीक्षा ती अशी.

या पदार्थाला तिकडे 'पेत फालो' म्हणतात. 'पेत' म्हणजे बदक. 'फालो' हा शब्द मात्र मूळचा थाई नव्हे, तो तिओच्यू चिनी लोकांबरोबर आला. मसाल्याच्या काळ्या, गोडसर, खारट रसात मंद आचेवर शिजवणे, असा त्याचा अर्थ. हे तिओच्यू लोक दक्षिण चीनच्या स्वातौ बंदराच्या आसपासच्या मुलखातले. सयाम देशाशी त्यांचे नाते जुने आहे. १७६७ ते १७८२ या काळात तिथे राज्य केलेल्या ताक्सिन राजाचा बाप तिओच्यू होता. १७८२ साली बँकॉक राजधानी झाली, तेव्हा आज जिथे राजवाडा आहे त्या जागेवरची चिनी वस्ती हलवून नदीकाठी साम्पेंगला नेण्यात आली. बँकॉकचा प्रसिद्ध चिनी बाजार त्या वस्तीतून वाढला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी सुरू झाल्या आणि स्वातौहून माणसांचे लोंढे येऊ लागले. कोणत्या कामाला? भाताच्या गिरण्या, गोदीतली हमाली, कालव्यांची खोदाई, लोहमार्गाची मातीकामे, रिक्षा ओढणे. म्हणजे जिथे पाठ आणि खांदा लागतो तिथे ही माणसे. बहुतेक एकटे पुरुष. चूल नाही, बायको नाही, दहा हातांच्या खोलीत दहाजण. अशा माणसाला दुपारी भात, त्यावर चार फोडी मांस, थोडा रस आणि आंबवलेल्या पाल्याची भाजी एका थाळीत मिळाली, तर तो पुढचे चार तास ओझे वाहू शकतो. खांद्यावरच्या कावडीतून आणि रस्त्याकडेच्या टपऱ्यांतून असे जेवण विकले जाई. आजही बँकॉकमध्ये काचेच्या कपाटात आख्खी शिजलेली बदके टांगलेली दिसतात आणि खाली मोठ्या भांड्यात काळा रस रटमटत असतो. त्यात बदकाचे पंख, पाय, काळीज, पेटे सगळे शिजते. टाकून दिले जाते ते फार थोडे.

या लोकांविषयी आणखी एक गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. सयामी प्रजेला सरकारची वेठ करावी लागे. चिनी माणसाने तिच्याऐवजी दर तीन वर्षांनी कर भरायचा, आणि भरल्याची खूण म्हणून मनगटाला दोरा बांधून त्यावर लाखेची मोहोर उठवून घ्यायची, अशी जुनी पद्धत होती. पुढे ती पद्धत मोडून चिनी लोकांनाही इतरांप्रमाणे दरवर्षी डोईपट्टी लागू झाली. तेव्हा १९१० सालच्या जून महिन्यात बँकॉकच्या चिनी लोकांनी तीन दिवस संप केला. दुकाने बंद, गिरण्या बंद, गोदी बंद. संप फसला आणि कर भरावाच लागला. परंतु राजधानीचे पोट कोणाच्या हातांवर चालते ते त्या तीन दिवसांत सगळ्यांना कळले. हमाल थांबला की दिसते. चूल थांबली की काय दिसते, हा प्रश्न मात्र आमच्या मनात तेव्हा आला नव्हता. तो पुष्कळ उशिरा आला.

आता बदकाकडे वळू. कोंबडी आणि बदक यांत फरक आहे. बदकाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो आणि मांस तांबडे, घट्ट असते. सयामच्या भातशेतीत बदके पाळण्याची जुनी रीत अशी की कापणी झाली की बदकांचे कळप एका रानातून दुसऱ्या रानात हाकत न्यायचे. सांडलेले दाणे, गोगलगायी आणि किडे खाऊन ती वाढतात, शेतकऱ्याचे रान साफ होते, बदकवाल्याचा चारा वाचतो. २००४ साली पक्ष्यांच्या तापाची साथ आली, तेव्हा अशा फिरत्या कळपांमधून रोग पसरतो असे आढळले आणि सरकारने या पद्धतीवर निर्बंध आणले. पुष्कळ बदकवाल्यांचा धंदा त्यात बसला. अंडी देऊन थकलेली बदके मांसासाठी स्वस्तात निघतात. मांस चिवट, आणि म्हणूनच मंद आचेचा, लांब वेळेचा हा प्रकार त्यांना योग्य. चिवट मांसात स्नायूंना बांधून ठेवणारे जे तंतू असतात ते मंद, ओलसर उष्णतेत हळूहळू विरघळून रसात उतरतात. रस चिकट होतो, मांस मऊ पडते. घाई केली, खळखळा उकळले, तर मांस आखडते आणि सुतळीसारखे होते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आम्ही सुतळी खाल्ली आहे.

गृहस्थांची रीत अशी होती. बदक साधारण दोन किलोचे. प्रथम पिसांचे खुंट काढायचे. नंतर शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, तेलाच्या दोन पिवळट गाठी असतात त्या कापून टाकायच्या. बदक त्या तेलाने आपली पिसे माखते आणि पाण्यात कोरडे राहते. बदकाला ती गोष्ट उपयोगाची आहे, रश्श्याला नाही. त्या राहिल्या तर सगळ्या भांड्याला उग्र वास लागतो. मग मीठ आणि शिरका आतबाहेर चोळून बदक दोनतीनदा धुवायचे आणि पुसून कोरडे करायचे.

वाटण तीन जिनसांचे: कोथिंबिरीची मुळे, लसूण आणि पांढरी मिरी. थाई स्वयंपाकात या त्रिकुटाला 'तीन दोस्त' म्हणतात. पाच-सहा मुळे, लसणाचा एक गड्डा, चमचाभर मिरी. दगडी खलात कुटायचे. खड्या मसाल्यात तीनचार बादियानची फुले, दालचिनीचे दोन तुकडे, चारसहा लवंगा, दोन चमचे धने. हे कोरडे भाजून फडक्यात पुरचुंडी बांधायची. आमच्या भगिनी हे ऐकून मनात म्हणत असतील की ही तर गोड्या मसाल्याची अर्धी यादी झाली. त्या पडवीत वास सुटला तेव्हा आम्हालाही क्षणभर आपल्या घरच्या मसाल्याच्या डब्याची आठवण झाली. तिथून पुढे मात्र रस्ता वेगळा होतो. त्यांच्या रश्श्यात नारळ नाही, कांदा नाही, हळद नाही, तिखटही नाही. तिखट बाहेर, वाटीत.

जाड बुडाच्या भांड्यात थोडे तेल घालून त्यात ताडाचा गूळ, मोठे तीन-चार चमचे, वितळवायचा. तो फेसाळून तपकिरी झाला की लगेच वाटण घालायचे आणि परतायचे. गुळाचा रंग हीच या पदार्थाची पहिली परीक्षा. थोडा आधी थांबलात तर नुसते गोड, थोडा उशीर झाला तर कडू. मग बदक त्यात सगळ्या बाजूंनी लालसर करून घ्यायचे. त्यावर सोयाबीनचा आंबवलेला खारट रस, म्हणजे सोया सॉस, दोन प्रकारचा: पातळ तो खारटपणासाठी, दाट काळा तो रंगासाठी. पातळ पाचसहा चमचे, काळा दोन. बदक बुडेल इतके पाणी, कुलिंजनाच्या पाचसहा चकत्या आणि मसाल्याची पुरचुंडी. एक उकळी आली की फेस काढून आच अगदी मंद करायची. पाण्यावर एखादा बुडबुडा इकडे, एखादा तिकडे, एवढेच. मीठ शेवटी चाखायचे, कारण रस आटतो तसा खारटपणा वाढतो. दीड तासाने पाहायचे. वयस्क बदक असेल तर दोन तास, कधी अडीचही.

शेवटच्या अर्ध्यापाऊण तासात उकडून सोललेली अंडी, तळलेले सोयाबीनचे पनीर, भिजवलेली वाळकी अळिंबी आणि पांढऱ्या मुळ्याच्या जाड फोडी त्याच रसात सोडायच्या. मुळा हा या रश्श्यातला गरीब नायक आहे, असे आमचे मत झाले. बदकाची चरबी आणि मसाला तो पिऊन घेतो आणि स्वतःचा उग्रपणा सोडून देतो. हिरवी भाजी मात्र रसात शिजवायची नाही. 'खना' नावाचा कोबीच्या कुळातला जाड देठाचा पाला तिकडे मिळतो. तो वेगळ्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटे बुचकळून काढायचा. शेजारी आंबवलेल्या मोहरीच्या पाल्याचे तुकडे. आणि वाटीत लाल मिरच्या, लसूण, मीठ आणि शिरका यांची पातळ चटणी. बदक चरबीचे, रस गोडसर, म्हणून आंबट-तिखट शेजारी हवेच.

दुपारी एकला बाई उठल्या. आम्ही जेवलो. दुभाषाचे काम करणारी एक तरुण कार्यकर्ती बरोबर होती. आम्ही तिच्यामार्फत बाईंना म्हणालो, "आपले यजमान इतका सुंदर स्वयंपाक करतात. आपण भाग्यवान आहात." बाई हसल्या आणि काहीतरी बोलल्या. दुभाषी मुलगी ते सांगायला कचरली. आम्ही आग्रह केला तेव्हा तिने सांगितले, "त्या म्हणतात, रविवारचे बदक सगळ्यांना दिसते. सोमवार ते शनिवारचा भात कोणी विचारीत नाही." यजमानही हसले आणि त्यांनी मान डोलावली. माणूस प्रामाणिक होता.

त्याच आठवड्यात वर्गात आम्हाला शिकवले होते की २०१३ साली श्रमविषयक आकडेशास्त्रज्ञांच्या एकोणिसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'काम' या शब्दाची नवी व्याख्या ठरवली, आणि घरच्या माणसांसाठी विनावेतन केलेला स्वयंपाक, झाडलोट आणि मुलांचे संगोपन यांनाही त्या व्याख्येत काम म्हणून जागा दिली. आम्ही ते वहीत उतरवून घेतले होते. वहीत पुष्कळ गोष्टी उतरतात. डोक्यात उतरायला वेळ लागतो.

परत आल्यावर आम्ही दोन वर्षे भेटेल त्याला त्या बदकाचे वर्णन करीत होतो. मग आमच्या सौभाग्यवतींचा गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी दोन महिने उभे राहू नका म्हणून बजावले. चिरंजीव नोकरीसाठी परगावी. तेव्हा वयाच्या पन्नाशीत आम्ही प्रथम ओट्यापुढे उभे राहिलो. खिचडी, पिठले, भात इथवर मजल गेली. एके दिवशी खुर्चीत बसून त्या म्हणाल्या, "अहो, बँकॉकचं बदक, बँकॉकचं बदक म्हणून दोन वर्षं ऐकतेय. आता करूनच घाला एकदा."

आम्ही आव्हान स्वीकारले आणि पहिला प्रयोग पूर्ण फसला. बदक विकणाऱ्याने साफ करून दिले होते म्हणून आम्ही शेपटीकडे पाहिलेच नाही, आणि त्या गाठी आतच राहिल्या. गूळ जळला. लवकर व्हावे म्हणून आच मोठी केली. परिणाम असा की घराला दोन दिवस वास, आणि मांस सुतळी. सौभाग्यवतींनी चार घास खाल्ले आणि "मुळा बरा झालाय" एवढेच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा केले. या वेळी अनुभव हाताशी होता. जिन्नस आपल्याकडे मिळतात की नाही अशी शंका कोणाला असेल तर सांगतो, बहुतेक मिळतात. कुलिंजन ताजे मिळाले नाही, पण काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेले मिळते. गवई लोक आवाजासाठी तोंडात धरतात तेच. कोथिंबिरीची मुळे तर आपण रोज फेकतो. भाजीवाल्या मावशींना आम्ही मुळांसकट जुडी मागितली, तेव्हा त्यांनी आमच्याकडे काळजीने पाहिले. ताडाच्या गुळाऐवजी माडाचा गूळ चालला. खना नव्हता, परंतु तो पाला आणि आपला नवलकोल एकाच जातीच्या झाडाची दोन रूपे आहेत, असे वाचनालयातल्या पुस्तकात सापडले, म्हणून नवलकोलाचा कोवळा पाला घेतला. तोही आपण फेकूनच देतो. रस्सा आदल्या दिवशी करून रात्रभर थंडाव्यात ठेवला. सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरला होता तो चमच्याने उचलून काढला आणि मग गरम केला. दुसऱ्या दिवशी या रश्श्याची चव अधिक चांगली लागते. बदक असे झाले होते की हाडापासून मांस सुरीशिवाय सुटले. हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याचे कारण नाही.

आता चिटणिसांना दिलेल्या वचनाकडे येतो.

आम्हाला कारखान्यातली जुनी सवय आहे, कोणत्याही कामाचे तास लिहून ठेवायचे. जादा कामाच्या पैशांची भांडणे आम्ही अशाच वह्यांवर जिंकलेली आहेत. त्या दिवशीही आम्ही ओट्याजवळ वही ठेवली होती. बाजार, तीन ठिकाणी जाऊन: एक तास दहा मिनिटे. बदक साफ करणे: पन्नास मिनिटे. मसाला भाजणे, कुटणे: पंचवीस. गूळ, परतणे: तीस. मंद आचेवर शिजणे आणि त्याच वेळात भात, भाजी, चटणी, अंडी: दोन तास. दुसऱ्या दिवशी चरबी काढणे, गरम करणे, वाढणे: वीस मिनिटे. बेरीज, सव्वापाच तास. जेवायला लागली पंचवीस मिनिटे.

आम्ही ती वही सौभाग्यवतींना मोठ्या दिमाखाने दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि विचारले, "भांडी कुठे लिहिलीत?"

भांडी आम्ही लिहिली नव्हती. भांडी, ओटा आणि जमिनीवरचे चरबीचे थेंब पुसणे, पाऊण तास. झाले सहा तास. मग त्या म्हणाल्या, "आणि परवा रात्री काय काय आणायचं ते आठवत जागे होतात, ते?" त्याला आमच्या वहीत रकाना नव्हता.

मंडळी, आम्ही तीस वर्षे आठ तासांच्या दिवसावर भाषणे केली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पहिला करार केला तो कामाच्या तासांचा, हे आम्ही किती सभांत सांगितले असेल! नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि सांगत राहू. परंतु त्या रविवारी गिरणी बंद राहिली तरी चूल चालूच राहिली, उलट रविवार म्हणून तिच्यावर एक पदार्थ जास्त चढला, हे आम्हाला त्या सहा तासांच्या वहीने सांगितले.

ही केवळ आमच्या घरची गोष्ट नाही. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शंभरात एक्क्याऐंशीजणी रोज घरातले विनावेतन काम करीत असल्याचे तीत आढळले, पुरुषांपैकी शंभरात फक्त सव्वीस. जे करीत त्यांचा सरासरी वेळ असा होता: स्त्रियांचा दिवसाला २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. २९९ मिनिटे म्हणजे पाच तासांत एक मिनिट कमी. आमचे पहिल्या दिवसाचे बदक जवळपास तेवढ्याच वेळाचे होते. आम्ही ते वर्षातून दोनदा करतो आणि त्यावर व्याख्यान देतो. त्या रोज करतात.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २००१ साली एका कारखान्यात साडेतीन महिने टाळेबंदी होती. दारासमोरच्या मैदानात आम्ही मांडव घातला होता. दोनशे माणसे तिथे दोन वेळ जेवत. स्वयंपाक कामगारांच्या घरच्या बायका करीत. पहाटे पाचला चूल पेटे. तडजोड झाली, माणसे कामावर परत गेली, विजयसभा झाली. आभार मानायला आम्ही उभे राहिलो. वकिलांचे आभार मानले, वार्ताहरांचे मानले, मांडववाल्याचे आणि ध्वनिक्षेपकवाल्याचेही नाव घेऊन मानले. चुलीवरच्या एकाही बाईचे नाव आम्ही घेतले नाही. ते विसरले गेले असेही म्हणता येणार नाही. ज्याची आठवणच मनात नोंदली गेली नव्हती ते विसरणार कसे? आमच्या सौभाग्यवती त्या चुलीवर होत्या. त्यांनी आजवर तो विषय काढलेला नाही. सहा तासांची वही हातात असताना तो आम्हाला आपणच आठवला.

मग यावर उपाय काय? प्रत्येक पुरुषाने बदक शिजवावे, असा ठराव आम्ही मांडणार नाही. रविवारच्या बदकाने सोमवारचा भात शिजत नाही, हे समुत प्राकानच्या बाईंनी आधीच सांगून ठेवले आहे. आम्ही एवढेच केले की आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळचा साधा स्वयंपाक आणि त्याची भांडी आमच्याकडे घेतली. गुडघा बरा झाला तरी ते चालू आहे. आणि दुसरे, संघटनेची बैठक आम्ही वर्षानुवर्षे संध्याकाळी साडेसहाला घेत असू. स्त्री-कामगार येत नाहीत, त्यांना चळवळीत गोडी नाही, असे आम्ही अहवालात लिहीत असू. साडेसहाला त्या कुठे असतात हे आम्हाला तीन दिवसांच्या स्वयंपाकाने शिकवले. आता बैठक पाळी सुटल्याबरोबर कारखान्याजवळच होते आणि पाऊण तासात संपते. पूर्वी दोघी येत, आता पंधरावीसजणी येतात, आणि आमचे भाषण लांबले की घड्याळ दाखवतात.

घड्याळाचा विषय निघाला, म्हणून आवरते घेतो. एक घरगुती सूचना राहिली. बदक संपले तरी रस उरतो, तो फेकू नये. गाळून, चरबी काढून, उकळून, थंड करून डब्यात गोठवून ठेवावा आणि पुढच्या वेळी त्यात नवे पाणी, नवा मसाला घालावा. बँकॉकच्या टपऱ्यांवर जुना रस असाच रोज उकळून पुढे चालवतात आणि त्यावर नव्या बदकाची चव चढते. आमच्या घरीही एक डबा आहे. परवा आम्ही सौभाग्यवतींना विचारले, "पुढच्या रविवारी काढू का?" त्या म्हणाल्या, "काढा. पण या वेळी मी वाढेपर्यंत बाहेर बसून पेपर वाचणार."

त्या आज समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या आहेत. २००१ सालच्या त्या चुलीवरच्या आणखी चौघी त्यांच्याशेजारी आहेत. त्या सभेत राहिलेले आभार आम्ही आज, चोवीसपंचवीस वर्षे उशिरा, आपणा सर्वांच्या साक्षीने मानतो, आणि आपली रजा घेतो.